चंदीगढ खुर्ची आणि तिची भावंडं: जुनी घ्यावी, नव्याने घडवलेली की स्वस्तातली?

कोपरा_रिकामा
ठाण्यातल्या घरासाठी फर्निचर घ्यायचं आहे. हॉल १० × १६ फूट, पश्चिमेला खिडकी, पावसाळ्यात एका भिंतीला ओल येते. हवंय ते असं: दोन आरामखुर्च्या, जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या, पाच फुटी साइडबोर्ड. १९५०-६० च्या सुमाराची धाटणी आवडते. निमुळते तिरके पाय, सागवान, वेताची जाळी, नक्षी अजिबात नाही. दुकानांत तीन शब्द कानावर पडतात: ‘ओरिजिनल’, ‘रिप्रॉडक्शन’ आणि ‘मिड-सेंच्युरी स्टाइल’. फोटोत तिन्ही सारख्याच दिसतात, किमतींचा मात्र एकमेकींशी काही संबंध नाही. पैसे कशात घालावेत?

रंधा
आधी शब्द साफ करून घेऊ, कारण दुकानदार त्यांना हवा तो अर्थ लावतात. ‘रिप्रॉडक्शन’ म्हणजे जुन्या वस्तूवरून आज केलेली प्रत. ‘मिड-सेंच्युरी स्टाइल’ म्हणजे नुसती १९५०-६० सारखी दिसणारी नवी वस्तू.

‘ओरिजिनल’मध्ये दोन वेगळ्या जाती आहेत. एक, नाव असलेली वस्तू: चंदीगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी झालेलं फर्निचर, डॅनिश वस्तू वगैरे. दुसरी, त्याच दशकांत मुंबई-पुण्यातल्या सुतारांनी फ्लॅटसाठी, बँकांसाठी, कंपन्यांच्या ऑफिसांसाठी बनवलेलं बिननावाचं सागवानी सामान. तुमच्या कामाचं हे दुसरं. नावाचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि लाकूड बहुतेक वेळा आज नवीन मिळतं त्यापेक्षा सरस असतं. ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, इथे तेच शोधायचं.

इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची या यादीत येत नाही. तिचं मूळ थोनेट या युरोपीय फर्निचर-निर्मात्याची १४ नंबरची खुर्ची, साल १८५९. ती ‘मिड-सेंच्युरी’ म्हणून विकणारा दुकानदार पुढचं जे सांगेल तेही तपासून घ्या.

माझा हिशोब सरळ आहे. रोज वजन झेलते आणि मागे रेलताना सांध्यांना पीळ बसतो ती वस्तू, म्हणजे खुर्ची, चांगल्या कारागिराकडून नवीन करून घ्या. जागेवर उभी राहणारी वस्तू, म्हणजे साइडबोर्ड, जुनी घ्या. आरामखुर्च्या दोन्हीकडून चालतात, फक्त जुन्या घेतल्यात तर सांधे उघडून परत बसवण्याचा खर्च आधीच धरा.

कागद_दाखवा
चंदीगढचा विषय निघालाच आहे तर पूर्ण सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

चंदीगढचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ मध्ये चंदीगढला आला आणि १९६५ पर्यंत राहिला. सचिवालय, उच्च न्यायालय, पंजाब विद्यापीठ, सरकारी निवासस्थानं यांना फर्निचर हजारोंच्या संख्येने लागणार होतं. ते स्थानिक सुतारांना जमेल, साग-शिसवात होईल आणि वेताने विणता येईल असं रेखाटलं गेलं. या कामात युली चौधरींसारखे भारतीय वास्तुकारही होते. एका कारखान्यात, एका साच्यावर झालेली ही वस्तू नाही, त्यामुळे दोन अस्सल खुर्च्यांच्या मापांतही फरक सापडतो. ‘माप जुळत नाही म्हणून नकली’ हे जितकं चूक, तितकंच ‘हाताने केलेली दिसते म्हणून अस्सल’ हेही चूक.

पुढे हे सामान भंगार म्हणून लिलावात गेलं. परदेशी विक्रेत्यांनी ते उचललं, दुरुस्त केलं आणि युरोप-अमेरिकेत किमती चढल्या. २२ फेब्रुवारी २०११ ला केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली. पण १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारण १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागू होतो. या खुर्च्या त्यात बसत नाहीत, म्हणून परदेशातले लिलाव त्या कायद्याने थांबवता येत नाहीत.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: आज कोणी ‘चंदीगढ ओरिजिनल’ म्हणून खुर्ची दाखवत असेल, तर ती २०११ पूर्वी कुठल्या खात्याच्या लिलावातून आली त्याची पावती मागा. पावती नसेल तर ती एक छान जुनी खुर्ची आहे असं समजून तेवढेच पैसे द्या.

कोपरा_रिकामा
एका दुकानात खुर्चीच्या मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाने खात्याची अक्षरं आणि नंबर रंगवलेला होता. तो पुरावा धरायचा का?

कागद_दाखवा
नाही. स्टेन्सिल आणि रंगाचा डबा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. खऱ्या वस्तूवर तसे नंबर असतात हे खरं, म्हणूनच खोट्यावर ते आधी येतात. नंबर बघायचाच असेल तर रंग पॉलिशच्या वर आहे की खाली, आणि झिजेच्या जागी तोही झिजलाय का ते बघा. खुर्चीच्या हाताची कड गुळगुळीत झालेली आणि तिच्यावरचं अक्षर मात्र कोरं करकरीत, असं दिसलं की समजून जा.

रंधा
जुनेपणा तपासायचा तर खुर्ची उलटी करा. वरची बाजू विकण्यासाठी असते, खरं काय ते खाली कळतं.

झीज कुठे आहे बघा. खरी झीज हाताच्या पुढच्या टोकाला, बैठकीच्या पुढच्या पट्टीला, मागच्या पायांच्या तळाला असते. सगळीकडे सारखीच ‘झीज’ म्हणजे तारेचा ब्रश मारलाय.

रंग बघा. सागवान उजेडाने आणि हवेने बदलतं, पण जिथे उजेड पोचत नाही तिथला रंग वेगळा राहतो. पट्टीच्या आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकाच गडद छटेची असेल तर वस्तू रंगात बुडवली आहे. नव्या लाकडाला म्हातारं करायला पोटॅशियम परमँगनेटचं पाणी वापरतात. तळाशी न दिसणाऱ्या जागी पटाशीच्या टोकाने अर्धा मिलिमीटर खरवडा (दुकानदाराला विचारून). खाली लगेच पांढरट-पिवळं कोरं लाकूड लागलं, तर तो रंग आहे. सागाचा खरवडा हुंगला की तेलकट, चामड्यासारखा वास येतो. ज्याला तो एकदा ओळखू आला त्याला ‘आफ्रिकन साग’ म्हणून खपवलेलं दुसरंच लाकूड नाकाने कळतं.

हत्याराच्या खुणा: हातरंध्याने उथळ, किंचित वेड्यावाकड्या पन्हळी उमटतात. मशीनच्या प्लेनरने दर दोन-तीन मिलिमीटरला एकसारख्या आडव्या लाटा येतात. तिरकस उजेडात मोबाइलचा टॉर्च धरून बघा.

स्क्रू: आपल्याकडे त्या काळचे स्क्रू सरळ खाचेचे असत. फुलीच्या खाचेचा चकचकीत स्क्रू दिसला तर एकतर दुरुस्ती झाली आहे किंवा वस्तू नवी आहे. एकाच स्क्रूवरून निकाल देऊ नका, सगळे बघा.

आणि वजन. हात असलेल्या, वेताच्या खुर्चीत निव्वळ लाकूड साधारण अर्धा घनफूट बसतं. सागाचा घनफूट सुमारे १८ किलो, म्हणजे खुर्ची ८-९ किलोच्या आसपास यायला हवी. पाच किलोची ‘सागवानी’ खुर्ची म्हणजे पायांची जाडी चोरली आहे किंवा लाकूड दुसरं आहे.

स्वस्त_पण_टिकाऊ
‘बजेट’ म्हणून सगळ्याच वस्तूंना नाकं मुरडायची गरज नाही. रबरवूड हे चांगलं लाकूड आहे. चिकाचं उत्पन्न संपलेल्या झाडांपासून मिळतं, घनता घनमीटरला ६०० किलोच्या आसपास, पॉलिश छान बसतं. अट एकच: त्यात पिष्ट भरपूर असल्यामुळे प्रक्रिया न केलेल्याला किडा लगेच लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेलं, भट्टीत सुकवलेलंच घ्यायचं. आंब्याच्या लाकडाची भीतीही तीच, आणि त्यातलं स्वस्त काम बऱ्याचदा या प्रक्रियेशिवाय येतं.

जोधपूरकडून येणारं शिसव (तिकडे शीशम) ताकदीला उत्तम, सागापेक्षा जड. त्रास होतो तो हवेचा. कोरड्या हवेत जोडलेलं लाकूड मुंबईच्या जुलैत फुगतं, खण अडकतात, टेबलाच्या फळ्या वर उचलल्या जातात. घेताना ओलावा-मापक लावून बघा. आपल्याकडे १० ते १४ टक्के ठीक. ७-८ असेल तर पावसाळ्यात फुगणार, १६-१८ असेल तर एप्रिलमध्ये आकसून सांधे ढिले होणार. मापक ऑनलाइन मिळतो, खुर्च्यांच्या किमतीपुढे त्याचे पैसे काहीच नाहीत.

‘शीशम फिनिश’, ‘टीक फिनिश’ हे शब्द फक्त रंगाबद्दल आहेत, लाकडाबद्दल नाहीत. बिलावर लाकडाचं नाव लिहून घ्या.

स्वस्त साइडबोर्डचं दुखणं वेगळं. १८ मिमी पार्टिकल बोर्डची (भुसा दाबून केलेली) फळी ७५ सेंमीपेक्षा लांब असेल आणि तिच्यावर पुस्तकं ठेवली तर वर्षा-दोन वर्षांत पोट खाली येतं. पाच फुटाला मध्ये आधाराची उभी फळी किंवा पाचवा पाय हवाच. तिरके पाय नुसत्या एका बोल्टने बोर्डात फिरवून बसवलेले असतील तर सरकवताना पाय उपटून येतो. चार स्क्रूंची लोखंडी पट्टी मागा, आणि स्क्रू बोर्डात न बसवता आतून लावलेल्या प्लायच्या तुकड्यात बसवा. ओल येणाऱ्या भिंतीला पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ टेकवायचाच नाही. आयएस ७१० चा (पाण्याला टिकणारा मरीन) प्लाय घ्या आणि मागे दोन बोटं हवा खेळू द्या.

रंधा
रबरवूडबद्दल सहमत, पण तिरक्या पायाच्या हाताच्या खुर्चीसाठी नाही. चंदीगढ धाटणीत पाय उलट्या व्ही किंवा एक्ससारखे, आणि सगळा भार दोन-तीन सांध्यांवर येतो. तिथे खाच आणि कुसू (खाचेत घट्ट बसणारी दुसऱ्या लाकडाची जीभ) असलेलाच जोड हवा. या कुसूची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश, लांबी किमान ३०-३५ मिमी. स्वस्त कामात तिथे दोन ८ मिमीच्या लाकडी खुंट्या असतात. नव्या असताना हलत नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खुंटी आकसते आणि खुर्ची कुरकुरायला लागते. मग कोणीतरी त्यात खिळा ठोकतो आणि लाकूड फाटतं.

दुसरी गोम ग्रेनची. वाकडा भाग सरळ फळीतून कापला की वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात आणि नेमका तिथे तो मोडतो. डॅनिश डिझायनर वेग्नरची सीएच २४ खुर्ची (१९४९ चं रेखाटन, १९५० पासून उत्पादन) याचं चांगलं उदाहरण. मुळात पाठीची वरची कमान एकाच लाकडाची, वाफेवर वाकवलेली. स्वस्त नकलेत तीच कमान दोन-तीन तुकडे जोडून केलेली असते. पॉलिशखाली रेषांची दिशा एकदम बदलताना दिसली की तिथे जोड आहे. बैठकही तपासा. मूळ खुर्चीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते, नकलेत नायलॉन किंवा ताग असतो.

वेतकाम
वेताबद्दल कोणीच बोललं नाही, आणि वापरात सगळ्यात आधी जातो तो वेतच.

विणकाम दोन प्रकारचं. एक, चौकटीला दर १२-१५ मिमीवर भोकं पाडून हाताने विणलेलं: दोन थर उभे, दोन आडवे, दोन तिरके, आणि शेवटी कडेची बांधणी. दुसरं, तयार जाळीचा तुकडा खाचेत दाबून वर वेताची पट्टी ठोकलेलं. खुर्ची उलटी केली की खाली भोकं आणि गाठी दिसतात ते पहिलं. भोकांशिवाय नुसती अखंड खाच दिसते ते दुसरं. पाठीला तयार जाळी चालते. रोजच्या बैठकीला हाताने विणलेलीच घ्या, कारण तयार जाळी एका कडेने सुटली की सगळी बाहेर येते.

तयार जाळी बसवायची झाली तर: खाचेतला जुना सरस आणि जुनी पट्टी पटाशीने पूर्ण काढायची, जाळी चारी बाजूंनी ३-४ सेंमी मोठी कापायची, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायची. उकळतं पाणी नको, वेताची चमक जाते. मधून कडेकडे जात लाकडी पाचरीने खाचेत दाबायची, खाचेत फेव्हिकॉल, वर भिजवलेली पट्टी, आणि २४ तास हात लावायचा नाही. सुकताना ती स्वतःच ताणून घेते. कोरडीच बसवली तर महिन्यात झोळी होते.

बहुतेक ठिकाणी वेत कडेला तुटतो. चौकटीची आतली कड धारदार राहिलेली असते, ती २-३ मिमी गोल करून घेतली की आयुष्य वाढतं. दुसरं कारण एसी. कोरड्या हवेत वेत कडक होतो. महिन्यातून एकदा खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवा. वरच्या बाजूला सालीची चमक असते, पाणी आत जात नाही. झोळी पडलेली जाळीही अशीच खालून ओली करून रात्रभर ठेवली तर बऱ्यापैकी ताणते. आणि पंखा पुसायला त्या बैठकीवर उभं राहायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

प्लॅस्टिकचा ‘वेत’ ओळखायला खालच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांनी थेंब तसाच असेल तर प्लॅस्टिक. बाल्कनीला तो बरा, आत नको.

पल्याडचा
न्यू जर्सीत राहतो. भारतातून शिसवाचा साइडबोर्ड सामानात पाठवता येईल का? आणि अशा नकला करणं कायदेशीर आहे का? इकडे ‘रेप्लिका’ शब्द वापरायला दुकानं कचरतात.

कागद_दाखवा
शिसवाची जवळजवळ सगळी डाल्बर्जिया जमात जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे बाहेर पाठवायला कागदपत्रं लागतात. १० किलोपर्यंत लाकडाच्या तयार वस्तूला सूट मिळते, पण साइडबोर्ड त्याच्या कितीतरी पुढे जातो. भारतातले निर्यातदार त्यासाठी ‘वृक्ष’ प्रमाणपत्र घेतात, तेव्हा विकणाऱ्यालाच ते काढायला सांगा. साग या यादीत नाही, त्यामुळे पाठवायला सोपा.

नकलेबद्दल देशागणिक नियम वेगळे. भारतात नोंदणी केलेल्या डिझाइनला जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण. नोंदणीयोग्य असून नोंदवलं नाही आणि कारखानदारीने ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर कॉपीराइटही उरत नाही. म्हणून इथे चंदीगढ धाटणीची खुर्ची कोणीही बनवू शकतो. दुसऱ्याचं नाव किंवा ट्रेडमार्क लावू शकत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली कायदा बदलला आणि अशा कलाकृतींना निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत संरक्षण मिळालं. जानरे १९६७ साली गेला, त्यावरून हिशोब करा. नावाने करणाऱ्यांत इटलीची कासिना (२०१९ पासून जानरेच्या सन्मानार्थ मालिका) आणि बंगळुरूची फँटम हँड्स आहेत.

रंधा
न्यू जर्सीकरांसाठी पुरवणी. तिकडे हिवाळ्यात हीटर लागला की घरातल्या हवेतला ओलावा २०-३० टक्क्यांवर येतो. सागवान ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रिंगांच्या दिशेने ५.८ टक्के आकसतं. म्हणजे लाकडाचा ओलावा १४ वरून ८ टक्क्यांवर आला तर ४५ सेंमी रुंद फळी साधारण ५ मिमी अरुंद होते. वरची फळी खालच्या चौकटीला पक्की चिकटवली असेल तर ती मधोमध फाटणार. स्क्रूची भोकं लांबट ठेवलेली आहेत का, हे खालून बघूनच घ्या.

कोपरा_रिकामा
खूप माहिती मिळाली. ओशिवऱ्यात एक पाच फुटी सागवानी साइडबोर्ड बघितलाय. एका खणाच्या तळाशी बारीक भोकं आहेत आणि वर पेल्याचे पांढरे गोल डाग. घ्यावा का?

रंधा
भोकं कुठे आहेत ते महत्त्वाचं. सागाच्या गाभ्याला हा किडा सहसा लागत नाही, सालीकडच्या पांढऱ्या भागाला लागतो. खणाचा तळ तर बहुतेक साध्या प्लायचाच असतो. भोकांखाली काळा कागद ठेवून दुकानदाराला पंधरा दिवस वस्तू राखून ठेवायला सांगा. पिठासारखा भुसा पडला तर किडा चालू आहे, नाही पडला तर जुनी गोष्ट. चालू असला तरी तळ बदलून, शेजारचं लाकूड पॉलिश काढून बोरॅक्सच्या द्रावणाने भिजवता येतं. पॉलिशवरून मारलेलं औषध आत मुरत नाही. चौकटीचे खांबच पोखरलेले असतील तर सोडून द्या. वाळवीची मातीची नळी दिसली तरीही.

पांढरे डाग ही उलट चांगली खूण आहे. लाखेचं पॉलिश असलं की गरम कपाने असे डाग पडतात. खात्री करायला तळाशी स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर लाख, काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे आधुनिक रासायनिक पॉलिश. लाख असेल तर पूर्ण घासायची गरज नाही: २२० नंबरच्या कागदाने हलकं घासून, लिटरभर स्पिरिटमध्ये २०० ग्रॅम चपडा लाख विरघळवून बोळ्याने ८-१० पातळ हात. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये करू नका, हवेतला ओलावा अडकून सगळं पॉलिश पांढरं पडतं. गणपतीच्या आधी घाई करणारे नेमके इथे फसतात.

वेतकाम
मापंही आत्ताच लिहून घ्या. जेवणाच्या खुर्चीची बैठक ४३-४५ सेंमी, टेबल ७५. हात असलेली खुर्ची घेतलीत तर हाताची उंची टेबलाच्या खालच्या पट्टीपेक्षा कमी हवी, नाहीतर खुर्च्या आत जात नाहीत. चंदीगढ धाटणीत हे हमखास विसरलं जातं. आरामखुर्चीची पुढची कड मूळ धाटणीत खूप खाली असते. घरात गुडघेदुखीवालं कोणी असेल तर ४२ सेंमीच्या खाली जाऊ नका.

कोपरा_रिकामा
मग साइडबोर्ड काळ्या कागदाच्या निकालावर, आरामखुर्च्या नंतर, आणि जेवणाच्या चार खुर्च्या सुताराकडून. त्याला कागदावर काय लिहून द्यायचं?

रंधा
लाकडाची जात आणि जागा: बल्लारशाहचा किंवा आलापल्लीचा सीपी (जुन्या मध्य प्रांतातला) साग, पांढरा भाग चालणार नाही. ‘बर्मा’ म्हणाला तर जास्त पैसे देऊ नका. म्यानमारने २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास, तुमच्या मापकावर. प्रत्येक खुर्चीला तोडीत वाया जाणारं धरून पाऊण ते एक घनफूट लाकूड, चौघींना मिळून साडेतीन. पाच-सहाचा हिशोब लावला तर विचारा. मुख्य सांधे खाच-कुसूचे, पाठीचा कोन आणि बैठकीची उंची आकड्यांत, जाळी हाताने विणलेली.

आणि चारही एकदम करायला सांगू नका. आधी एकच, पॉलिश आणि वेताशिवाय, कोरी. फळी आडवी टाकून तीवर आठ दिवस बसा, तिरकं रेला, सपाट फरशीवर समोरासमोरचे कोपरे दाबून डुलते का बघा. काही बदलायचं असेल तर ते याच वेळी होतं. वेत विणून झाल्यावर सुतार पटाशी हातात घेत नाही.